कॅप्टन जेकब : परक्या सूर्याच्या ग्रहाचा पहिला दावा आणि पुण्यातली अखेर

पाकिस्तानच्या सिंध प्रांतातल्या जेकबाबादचं नाव उर्दू बातम्या वाचणाऱ्या आपल्या घरांत बहुतेकांना ठाऊक आहे. उन्हाळा आला की हे शहर बातमीत येतं, कारण तिथला पारा पन्नास अंशांच्या पुढे गेल्याच्या नोंदी आहेत. हे शहर ज्यांच्या नावानं ओळखलं जातं ते इंग्रज जनरल जॉन जेकब. त्यांच्यावर उर्दूत आणि इंग्रजीत पुष्कळ लिहिलं गेलं. पण त्यांच्या एका धाकट्या भावाचा आपल्या महाराष्ट्राशी फार जवळचा संबंध आहे, आणि त्यांच्याबद्दल मराठीत क्वचितच कुणी बोलतं. ते कॅप्टन विल्यम स्टीफन जेकब.

खगोलशास्त्राच्या इतिहासात या धाकट्या जेकबचं नाव एका ठरावीक जागी हमखास येतं. आपल्या सूर्याखेरीज दुसऱ्या ताऱ्याभोवती ग्रह फिरत असावा, असं मोजमापाच्या आधारे मांडणाऱ्यांत ते पहिले मानले जातात. साल होतं १८५५. आज शाळेतली मुलं मोबाइलवर दुसरी पृथ्वी सापडल्याच्या बातम्या वाचतात आणि वर्गात येऊन विचारतात की तिकडे माणसं राहू शकतील का. त्या शोधाचा एक धागा पुण्यातल्या एका छोट्या खासगी वेधशाळेपासून निघतो. म्हणून आज आम्ही या माणसाची हकीकत सांगणार आहोत. त्यात यश आहे, चूक आहे आणि अर्धवट राहिलेलं एक मोठं काम आहे. पण तिच्यातून जी गोष्ट शिकायला मिळते ती आपल्या मुलांच्या फार कामाची आहे, असं आम्हाला वाटतं.

पाद्र्याच्या घरातून मुंबईच्या किनाऱ्यावर

विल्यम जेकब यांचा जन्म १९ नोव्हेंबर १८१३ रोजी इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यात, वुलॅव्हिंग्टन या गावी झाला. वडील तिथल्या चर्चचे पाद्री. घरात मुलं पुष्कळ आणि मिळकत बेताची. त्या काळी अशा घरांतल्या मुलांना ईस्ट इंडिया कंपनीची नोकरी म्हणजे मोठा आधार. कंपनीचं सैनिकी कॉलेज अ‍ॅडिसकोम्ब इथं होतं. जेकब १८२८ मध्ये तिथं दाखल झाले. पुढचं इंजिनिअरीचं शिक्षण चॅटहॅमला पुरं करून १८३१ मध्ये ते मुंबईला निघाले. तेव्हा सुएझचा कालवा नव्हता. आफ्रिकेला वळसा घालून महिनोन्‌महिने समुद्रात काढावे लागत. वय होतं जेमतेम सतरा-अठरा, म्हणजे आपल्याकडे मुलं बारावीला असतात तेवढं.

मुंबई तेव्हा कोटाच्या भिंतीआडचं शहर होतं. कोटाबाहेर, आज ठाकूरद्वार, फणसवाडी, मुगभाट म्हणतो तिथं वाड्या आणि झाडी होती. वाडी, भाट ही नावं त्याचीच आठवण देतात. रस्त्यावर गॅसचे दिवे लागायला अजून तीसपेक्षा जास्त वर्षं होती. ते १८६५ मध्ये आले. म्हणजे ज्या ठाकूरद्वारच्या नाक्यावर आज मान वर केली तर चार-पाच तारे मोजता येतात, तिथून त्या काळी अमावास्येच्या रात्री आभाळ गच्च भरलेलं दिसत असणार.

जेकब मुंबई इंजिनिअर्स या पलटणीत होते. त्यांची काही वर्षं ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे या खात्यात गेली. हिंदुस्थानाची लांबी-रुंदी कोनांच्या मदतीनं मोजणारं हे खातं. पद्धत आपल्या नववी-दहावीच्या भूमितीतलीच आहे. जमिनीवर एक सरळ रेषा अगदी काटेकोर मोजायची. तिच्या दोन्ही टोकांवरून दूरच्या डोंगराकडे थिओडोलाइट नावाच्या यंत्रानं कोन घ्यायचे. एक बाजू आणि दोन कोन हाती आले की त्रिकोणाच्या बाकीच्या बाजू कागदावर निघतात. डोंगरावर साखळी न नेता त्याचं अंतर कळतं. हे सगळं अर्थात कंपनीच्या राज्यासाठी, सारा वसूल करण्यासाठी आणि फौजा हलवण्यासाठी चाललं होतं, हे विसरून चालणार नाही. पण त्या कामातून मोजमापाची जी शिस्त तयार झाली, ती पुढे जेकब यांनी आभाळाकडे वळवली.

इथं एक नाव सांगायलाच हवं. याच खात्यात जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या हाताखाली अर्काटचे सय्यद मीर मोहसिन हुसेन नावाचे कारागीर होते. बारीक कामाचा त्यांचा हात असा की मोडलेली, बिघडलेली इंग्रजी यंत्रं ते पुन्हा उभी करत. एव्हरेस्ट यांनी त्यांच्यासाठी आग्रह धरला आणि १८४३ मध्ये मीर मोहसिन सरकारी यंत्रकार झाले. ज्या कोनांवर अख्ख्या हिंदुस्थानचा नकाशा उभा राहिला, त्या कोनांची यंत्रं अचूक ठेवण्यात या माणसाचा वाटा मोठा होता. आपल्या मुलांना एव्हरेस्ट माहीत असतात, मीर मोहसिन माहीत नसतात. हे बदलायला हवं.

पुण्यातली दुर्बीण

१८४२ मध्ये जेकब यांनी पुण्यात स्वतःची छोटी वेधशाळा उभारली. सरकारी नव्हे, खासगी. पुढच्या वर्षी ते रजेवर इंग्लंडला गेले, १८४४ मध्ये लग्न झालं आणि १८४५ मध्ये पुन्हा हिंदुस्थानात आले. कॅप्टनची बढती मिळाली तसं त्यांनी कंपनीची फौजी नोकरी सोडली आणि उरलेलं आयुष्य आभाळाला दिलं.

पुण्यात त्यांनी जोडताऱ्यांचा अभ्यास हाती घेतला. जोडतारा म्हणजे काय? नुसत्या डोळ्यांना जो एक तारा दिसतो, तो दुर्बिणीतून पाहिला तर कधी कधी दोन निघतात. त्यांतले अनेक खरोखरच एकमेकांभोवती फिरत असतात. त्यांचं फिरणं मोजायला दुर्बिणीच्या नेत्रिकेजवळ कोळ्याच्या जाळ्यासारखे अत्यंत बारीक धागे ताणलेले असतात. एक धागा एका ताऱ्यावर आणायचा, स्क्रू फिरवत दुसरा धागा दुसऱ्या ताऱ्यावर न्यायचा आणि स्क्रू किती फिरला ते वाचायचं. झालं मोजमाप. पण दिव्याचा उजेड, वाऱ्याची झुळूक, डोळ्यांचा थकवा, हाताचा कंप यांतलं काहीही ते बिघडवू शकतं. म्हणून तोच तारा पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या रात्री मोजावा लागतो.

डॉलंड या इंग्रज कारखान्याच्या पाच फुटी दुर्बिणीतून जेकब यांनी पुण्यात अशा २४४ जोडताऱ्यांची यादी केली आणि १८४८ मध्ये लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीपुढे मांडली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्यांची मद्रास वेधशाळेचे संचालक म्हणून नेमणूक झाली.

मद्रास : दुसऱ्यांच्या चुका शोधणारा माणूस

मद्रासला पोचल्यावर पाहिलं तर यंत्रं जुनी आणि सदोष. तरीही त्यांनी १४४० ताऱ्यांची यादी तयार केली. १८५० मध्ये लेरेबूर्स या फ्रेंच कारागिराची सहा इंचांहून थोडी मोठी दुर्बीण आली. तिच्यातून त्यांनी अडीचशे जोडताऱ्यांची ९९८ मोजमापं घेतली. १८५२ मध्ये शनीच्या आतल्या अंधुक कड्यातून आरपार दिसतं हे त्यांच्या लक्षात आलं. हीच गोष्ट विल्यम लॅसेल यांनीही स्वतंत्रपणे पाहिली होती. वेधशाळेत हिंदुस्थानी सहायकही होते. त्यांतले चिंतामणी रघुनाथाचार्य यांनी पुढे १८६७ मध्ये आर रेटिक्युली या रूपविकारी ताऱ्याचा शोध लावला.

जेकब यांचं एक काम मात्र आम्हाला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. जुन्या याद्यांवरून काही ताऱ्यांबद्दल असा समज होता की ते आभाळात बऱ्याच वेगानं सरकत आहेत. जेकब यांनी असे तीनशेहून अधिक तारे पुन्हा तपासले आणि दाखवलं की ती गती खरी नव्हती, नुसता भास होता. मोजमापातल्या चुका ताऱ्यांच्या नावावर जमा झाल्या होत्या. हे लक्षात ठेवा, कारण पुढची गोष्ट याच्याशी जोडलेली आहे.

भुजंगधारीतला तो जोडतारा

आता १८५५ कडे येऊ. भुजंगधारी नावाच्या तारकासमूहात ७० ऑफियुकी नावाचा एक जोडतारा आहे. आपल्यापासून सुमारे साडेसोळा प्रकाशवर्षं दूर. म्हणजे शेजारीच म्हणायचा. आपल्या सूर्यापेक्षा थोडे लहान आणि नारिंगी असे हे दोन तारे सुमारे ८८ वर्षांत एकमेकांभोवती एक फेरी पूर्ण करतात. त्यांच्या मार्गाचं गणित मांडून, अमुक साली ते अमुक जागी दिसतील असं सांगता यायला हवं. पण प्रत्यक्षात ते कधी थोडे पुढे दिसत, तर कधी थोडे मागे. हिशेब जुळत नव्हता.

अशा न जुळणाऱ्या हिशेबातून मोठे शोध लागतात, हे त्या काळी सगळ्या जगानं नुकतंच पाहिलं होतं. युरेनस ग्रहाची चाल गणिताशी जुळत नव्हती, त्यातून १८४६ मध्ये नेपच्यून सापडला. व्याध हा आभाळातला सर्वांत तेजस्वी तारा किंचित डोलतो, म्हणून त्याच्या सोबत एक न दिसणारा साथीदार असला पाहिजे, असं १८४४ मध्ये जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेल यांनी सांगितलं होतं.

हे डोलणं समजायला फार गणित नको. संध्याकाळी गिरगाव चौपाटीवर बघा. एखादे अब्बा आपल्या लेकराचे दोन्ही हात धरून त्याला गरागरा फिरवत असतात. लेकरू मोठा गोल काढतं, पण अब्बाही एका जागी स्थिर नसतात. त्यांनाही मागं रेलून पाय हलवावे लागतात, त्यांचाही एक छोटा गोल होतो. आता समजा काळोख आहे, अब्बांच्या डोक्यावर दिवा आहे आणि लेकरू दिसतच नाही. लांबून फक्त दिवा डोलताना दिसेल. तेवढ्यावरून सांगता येईल की यांच्या हातात कुणीतरी आहे, आणि ते साधारण किती वजनाचं आहे. तारा म्हणजे तो दिवा, ग्रह म्हणजे ते न दिसणारं लेकरू.

जेकब यांनी हाच विचार ७० ऑफियुकीला लावला. रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या मासिकात १८५५ मध्ये त्यांचा निबंध छापून आला. त्यांनी म्हटलं की या जोडीतल्या एका ताऱ्याभोवती ग्रहासारखी एखादी वस्तू फिरते असं धरलं तर हिशेबातला फरक सुटतो. आणि पुढे त्यांनी जो शब्द वापरला तो बहुधा या अर्थाचा होता. अशी वस्तू असण्याचा संभव मोठा आहे, एवढंच त्यांनी लिहिलं. सापडला असं लिहिलं नाही.

जगं एक की अनेक?

त्याच वर्षी जेकब यांनी अनेक जगांच्या प्रश्नावर एक छोटं पुस्तकही लंडनमध्ये छापलं. या विषयावर तेव्हा इंग्लंडमध्ये मोठा वाद पेटला होता. केंब्रिजचे विद्वान विल्यम ह्यूएल यांनी १८५३ मध्ये नाव न घालता एक पुस्तक काढलं आणि पृथ्वीसारखी वस्ती दुसरीकडे असेल या कल्पनेवर शंका घेतली. पुढच्याच वर्षी स्कॉटलंडचे शास्त्रज्ञ डेव्हिड ब्रूस्टर यांनी उलट बाजूनं पुस्तक लिहिलं. इतकी विश्वं निर्माण करून ती ओसाड का ठेवली जातील, असा त्यांचा रोख होता. दोघेही धर्मनिष्ठ ख्रिस्ती, दोघेही धर्माचा आधार घेत होते, आणि उत्तरं मात्र अगदी विरुद्ध. या भांडणात जेकब उतरले ते रोज रात्री दुर्बिणीला डोळा लावणारा माणूस म्हणून.

आपल्या इल्मी परंपरेत हा प्रश्न त्याहून कितीतरी जुना आहे. सूरह फातिहा रोज पढणाऱ्या प्रत्येक मुलाच्या तोंडी आलमीन हा शब्द असतो, आणि तो अनेकवचनी आहे. इमाम फखरुद्दीन राझी, ज्यांचा इंतकाल १२१० मध्ये हेरातला झाला, त्यांनी आपल्या मोठ्या तफसीरमध्ये या आयतीच्या निमित्तानं अनेक विश्वांची चर्चा केली आहे. अ‍ॅरिस्टॉटलच्या मागून जाणारे हकीम म्हणत की विश्व एकच असू शकतं, दुसरं अशक्यच. राझींनी त्यांचे पुरावे कच्चे ठरवले. अल्लाहच्या कुदरतीला अशी मर्यादा घालता येत नाही, या विश्वापलीकडे हजारो विश्वं निर्माण करणं त्याला शक्य आहे, अशी त्यांची भूमिका होती.

पण इथं एक बारकावा आहे आणि तो आपल्या वक्त्यांकडूनही कधी कधी निसटतो. राझींनी शक्यता दाखवली. दुर्बिणीतून दिसलेल्या ग्रहाची बातमी त्यांनी दिली नव्हती. शक्य असणं ही एक पायरी, असण्याचा संभव मोठा असणं ही दुसरी, आणि पुराव्यानं पक्कं होणं ही तिसरी. उर्दूत यासाठी तीन सुंदर शब्द आहेत : मुमकिन, गालिबन आणि यकीनन. राझी मुमकिनवर थांबले. जेकब गालिबनपर्यंत गेले. यकीननपर्यंत पोचायला माणसाला आणखी १४० वर्षं लागली.

दावा खोटा ठरला, माणूस नाही

कारण जेकब यांचा तो ग्रह पुढे सापडलाच नाही. चांगली यंत्रं आली, दीर्घकाळची मोजमापं जमा झाली, आणि तसा ग्रह तिथं नाही हे स्पष्ट झालं. हिशेबातला फरक बहुतांशी मोजमापातल्या चुकांमधून आला होता. ज्या माणसानं दुसऱ्यांच्या यादीतल्या तीनशे ताऱ्यांची खोटी गती पकडली, त्याच माणसाला तशाच चुकांनी चकवलं.

हे किती अवघड काम होतं ते समजून घ्या. पौर्णिमेच्या चंद्राची जेवढी रुंदी आपल्याला दिसते, तिचे तीनशे भाग केले तर एका भागाएवढं अंतर त्या दोन ताऱ्यांमध्ये दिसत होतं. आणि जो डोल शोधायचा होता तो त्याहूनही कितीतरी बारीक. तोही दिव्याच्या उजेडात, हातानं स्क्रू फिरवून, मद्रासच्या दमट हवेत.

मग जेकब नापास झाले का? आम्ही तसं मानत नाही. त्यासाठी याच ताऱ्याची पुढची गोष्ट बघा. १८९६ मध्ये अमेरिकेतले टी. जे. जे. सी नावाचे खगोलशास्त्रज्ञ म्हणाले की ७० ऑफियुकीला न दिसणारा साथीदार आहे. या वेळी सूर ठाम होता. १८९९ मध्ये फॉरेस्ट मोल्टन यांनी गणित करून दाखवलं की असा साथीदार त्या जागी टिकूच शकत नाही. त्यावर सी यांनी मासिकाला असं संतापी पत्र पाठवलं की मासिकानं त्यांच्यासाठी आपली दारं बंद केली. तारा एकच, चूकही जवळपास एकच. पण एकानं बहुधा लिहिलं आणि आकडे समोर ठेवले, दुसऱ्यानं हट्ट धरला. आज जेकब यांचं नाव आदरानं घेतलं जातं आणि सी यांचं नाव इशारा म्हणून.

आपल्या लोकांना ही रीत परकी वाटू नये. रमजानच्या एकोणतिसाव्या संध्याकाळी चाँद दिसला असं कुणी सांगितलं तर कमिटी काय करते? कुठं दिसला, किती वाजता, क्षितिजापासून किती वर, टोकं कुठल्या बाजूला, असं एकेक विचारते. साक्ष देणारा नेक असेल, पण नजर चुकू शकते. म्हणून शहादत तपासली जाते. त्यात साक्षीदाराचा अपमान नसतो. विज्ञान हेच करतं, फक्त ते कधी कधी शंभर-दीडशे वर्षं करत राहतं.

पुन्हा पुण्याकडे

मद्रासच्या हवेत जेकब यांची तब्येत खचत गेली. नवं चांगलं यंत्र लंडनहून १८५८ च्या मार्चमध्ये आलं, आणि महिन्याभरातच त्यांना वेधशाळा सोडावी लागली. आयुष्यभर सदोष यंत्रांवर काम केलं, आणि चांगलं यंत्र आलं तेव्हा ते वापरायला अंगात ताकद राहिली नव्हती. १८५९ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. इंग्लंडला गेल्यावरही ते स्वस्थ बसले नाहीत. १८ जुलै १८६० चं खग्रास सूर्यग्रहण पाहायला स्पेनला गेलेल्या तुकडीत ते होते.

त्यांच्या मनात एक योजना घर करून होती. पुण्याच्या भागात उंच डोंगरावर वेधशाळा बांधायची. उंचावर हवा विरळ आणि स्थिर असते, तारा कमी थरथरतो. टेनेरिफ बेटाच्या डोंगरावर दुर्बीण नेऊन पियाझी स्मिथ यांनी १८५६ मध्ये हे दाखवून दिलं होतं. आज जगातल्या मोठ्या दुर्बिणी चिली, हवाई, लडाख इथल्या उंच डोंगरांवर का असतात, त्याचं उत्तर हेच. ब्रिटिश संसदेनं १८६२ मध्ये या कामासाठी १००० पौंड मंजूर केले. जेकब यांनी तीन वर्षं तिथं काम करण्याचं कबूल केलं आणि नऊ इंची दुर्बीण स्वतःच्या पैशानं विकत घेतली.

८ ऑगस्ट १८६२ रोजी ते मुंबईच्या किनाऱ्यावर उतरले. ऐन पावसाळा. बोरघाटातली रेल्वे तेव्हा सुरू झाली नव्हती, ती पुढच्या वर्षी झाली. खालून वर घाट चढून मग पुण्याची गाडी धरावी लागे. आजारी माणसाला तो प्रवास सोपा नव्हता. ते पुण्याला पोचले, आणि १६ ऑगस्ट १८६२ रोजी तिथंच त्यांचं निधन झालं. वय ४८. हिजरी सन १२७९ चा सफर महिना चालू होता. मागे पत्नी आणि मुलं राहिली. डोंगरावरच्या वेधशाळेचा दगडही बसला नव्हता.

त्याच वर्षी, जानेवारीच्या शेवटच्या दिवशी, अमेरिकेत अ‍ॅल्व्हन ग्रॅहम क्लार्क यांना नव्या दुर्बिणीतून व्याधाचा तो साथीदार प्रत्यक्ष दिसला होता. बेसेल यांचं म्हणणं अठरा वर्षांनी खरं ठरलं. म्हणजे जेकब यांचा निष्कर्ष चुकला, पण पद्धत बरोबर होती. डोलणाऱ्या दिव्यावरून न दिसणारा साथीदार ओळखता येतो, हे पक्कं झालं.

पुढची माणसं

पुण्याची वेधशाळा अखेर झाली, पण २६ वर्षांनी आणि एका शिक्षकाच्या जिद्दीतून. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवणारे पारशी गृहस्थ कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी भावनगरच्या महाराजांची मदत मिळवली आणि १८८८ मध्ये पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी राहिली. ते निवृत्त झाले तेव्हा, १९१२ मध्ये, ती बंद झाली आणि तिथली मोठी दुर्बीण कोडाईकनालला गेली. नंतर १९८८ मध्ये पुण्यात आयुका ही संस्था सुरू झाली.

आणि ग्रह? मिशेल मेयर आणि दिदिए केलो या स्विस शास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये ५१ पेगासी या सूर्यासारख्या ताऱ्याभोवती पहिला ग्रह नक्की केला. तोही डोलण्यावरूनच. फरक एवढाच की ताऱ्याची जागा मोजण्याऐवजी त्यांनी ताऱ्याच्या प्रकाशातल्या रेषा किती सरकतात ते मोजलं. अ‍ॅम्ब्युलन्स जवळ येताना भोंग्याचा आवाज वर चढतो आणि दूर जाताना उतरतो, तसाच हा प्रकार. २०१९ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आपल्या देशात अहमदाबादच्या फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीनं माउंट अबूवरच्या पारस या यंत्रानं २०१८ मध्ये सुमारे ६०० प्रकाशवर्षं दूरच्या ताऱ्याभोवतीचा एक ग्रह पक्का केला. जेकब यांच्या निबंधानंतर १६३ वर्षांनी. आज अशा पक्क्या झालेल्या ग्रहांची संख्या ६००० च्या पुढे गेली आहे.

त्यांतले बहुतेक राहण्याजोगे नाहीत. माउंट अबूवरून सापडलेला ग्रह भट्टीसारखा तापलेला आहे. राहण्याजोगा म्हणजे काय, तर ताऱ्यापासून असं अंतर की पाणी उकळूनही जाणार नाही आणि कायमचं गोठणारही नाही. तेवढं जुळलं तरी हवा, जमीन, ताऱ्याचा स्वभाव असे शंभर प्रश्न उरतात. म्हणून शास्त्रज्ञही संभाव्य हा शब्द सोडत नाहीत.

एप्रिल २०२५ मध्ये काय झालं आठवतं का? के२-१८बी नावाच्या, १२४ प्रकाशवर्षं दूरच्या ग्रहाच्या हवेत एक वायू असल्याची चिन्हं दिसतात, असं केंब्रिजचे भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ निक्कू मधुसूदन यांच्या गटानं सांगितलं. पृथ्वीवर हा वायू मुख्यतः समुद्रातले सूक्ष्म जीव तयार करतात. त्यांनी स्वतःच सांगितलं की अजून निरीक्षणं हवीत. दुसऱ्या काही गटांनी तीच माहिती तपासून शंका घेतल्या. पण आपल्या घराघरांतल्या ग्रुपवर काय फिरलं? परग्रहावर जीव सापडला. गालिबनपर्यंतही न पोचलेली गोष्ट फॉरवर्ड करता करता यकीनन झाली. कुणी तिला मजहबी रंग दिला, कुणी त्यावरून मजहबची थट्टा केली. दोघांनीही मूळ बातमी वाचली नव्हती.

आम्ही शिक्षक मंडळी मुलांना उत्तरं पाठ करायला लावतो, पण उत्तरावर किती विसंबायचं ते शिकवायला विसरतो. खरं तर मुलाला रोज तेच लागतं. औषधाच्या फॉरवर्डवर, अफवेवर, एखाद्या मोहल्ल्यात काय झालं या बातमीवर. अशा एका कच्च्या खबरीनं वस्त्या पेटतात, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. खबर आली की ती तपासून घ्या, ही ताकीद आपल्या दीननं दिलेलीच आहे. जेकब यांनी तीच गोष्ट एका ताऱ्याच्या बाबतीत पाळली. जेवढं मोजलं तेवढंच लिहिलं आणि आकडे उघड ठेवले, म्हणून तर दुसऱ्यांना चूक शोधता आली.

जाता जाता एक काम सांगतो. जेकब यांनी ज्या आणखी एका जोडताऱ्याच्या मार्गाचं गणित केलं, तो म्हणजे अल्फा सेंटॉरी. मराठीत त्याला मित्र म्हणतात. त्याचाच एक अंधुक साथीदार आहे प्रॉक्सिमा, सूर्यानंतरचा आपल्याला सर्वांत जवळचा तारा, सव्वाचार प्रकाशवर्षांवर. त्याच्याभोवती, पाणी वाहतं राहू शकेल अशा अंतरावर, एक ग्रह असल्याचं २०१६ मध्ये जाहीर झालं. ७० ऑफियुकी ठाकूरद्वारच्या उजेडात दिसणार नाही, त्यासाठी पावसानंतर कोकणातल्या गावी जाऊन इशाच्या सुमारास पश्चिमेला पाहावं लागेल. पण मित्र चांगला तेजस्वी आहे. मे महिन्याच्या अखेरीस, हवा स्वच्छ असेल तर, रात्री दहा-साडेदहाला ठाकूरद्वारहून चालत गिरगाव चौपाटीवर जा आणि समुद्राच्या दिशेनं दक्षिणेला, क्षितिजाच्या थोडं वर बघा. मुलांना दाखवा. ती विचारतीलच की तिकडे कुणी राहतं का. उत्तर देण्याआधी त्यांनाच विचारा की आपल्या हाती किती पुरावा आहे, आणि मुमकिन, गालिबन, यकीनन यांतला कोणता शब्द इथं बसतो.